विहिरीत पोहणाऱ्यांनी समुद्रात उतरण्याआधी

गोंदिया-गडचिरोलीहून कोकणचा किनारा जवळजवळ हजार किलोमीटर. सोयाबीन घरात आले, कापसाच्या एक-दोन वेच्या झाल्या की विदर्भातल्या गावांतून गाड्या समुद्राकडे निघू लागतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली, एप्रिल-मेमध्ये कुटुंबे. रात्रभराचा प्रवास, किनाऱ्यावर मिळून एक दिवस, आणि गाडी थांबली की पोट्टे थेट पाण्याकडे पळतात. धोका इथेच सुरू होतो. झोप झालेली नसते, वेळ थोडा असतो, आणि ज्याला विहिरीत, बोडीत (लहान तळ्यात) किंवा नदीच्या डोहात पोहता येते त्याला वाटते की पाणी सगळीकडे सारखेच.

ते सारखे नसते. विहिरीतले पाणी जागचे हलत नाही. कोणत्याही बाजूला पाच-सात हात मारले की कपार, पायरी किंवा दोर हाती लागतो. गावात ज्याला पट्टीचा पोहणारा म्हणतात तो बहुतेक वेळा एका दमात थोडे अंतर जोरात कापणारा असतो, आणि विहिरीला तेवढे पुरते. समुद्रात धरायला काही नसते. दर काही सेकंदांनी लाट तोंडावर येते, दोन लाटांच्या मधल्या वेळात श्वास घ्यावा लागतो. तो चुकला की खारे पाणी घशात जाते, ठसका लागतो, आणि ठसक्यासरशी आणखी पाणी आत ओढले जाते. शिवाय ज्या पाण्यात तुम्ही पोहता तेच पाणी तुम्हाला कुठेतरी नेत असते.

खाऱ्या पाण्याची एक मदत होते. एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असल्याने ते गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असते आणि त्यात अंग थोडे वर राहते. म्हणून समुद्रात जीव वाचवणारे कौशल्य वेगाचे नाही, पाठीवर तरंगण्याचे आहे. डोके मागे टाकायचे, कान पाण्यात, पोट वर, हात बाजूला पसरलेले, श्वास भरलेला. कशालाही न धरता असे पाच मिनिटे राहता येत असेल तर समुद्रात कमरेइतक्या पाण्यापर्यंत जायला हरकत नाही. येत नसेल तर, विहिरीत कितीही सूर मारत असाल, गुडघ्याच्या पुढे जाऊ नका.

हे तरंगणे निघण्याआधी आपल्याकडेच शिकून घ्यावे. तालुक्याच्या गावी जलतरण तलाव असेल तर उत्तम. नसेल तर ओळखीच्या, संथ आणि उथळ पाण्यात, जाणत्या माणसाच्या हाताखाली. शेततळ्यात मात्र कधीही नाही. त्याचे काठ उतरते असतात आणि त्यावर अंथरलेले प्लास्टिक ओले झाले की शेवाळाने इतके निसरडे होते की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. पाण्यात दमून नाही, काठावरून पुन्हा पुन्हा घसरून तिथे माणूस बुडतो.

भरतीची वेळ तिथीवरून

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हे चंद्राच्या ओढीने होते, म्हणूनच कोकणातले मच्छीमार तिथीवरून भरतीची वेळ काढतात. आपल्याकडे पेरणीपासून लग्नापर्यंत सगळे दिनदर्शिकेवर चालते, तेव्हा हा हिशेब विदर्भातल्या माणसाला अजिबात अवघड नाही. तिथीला पाऊणने गुणा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरायची, म्हणजे सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. ही वेळ सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही धरायची, आणि तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही फरक पडतो. त्यामुळे अंदाजासाठी हे ठीक. पक्की वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवर पाहून घ्यावी.

वेळेइतकेच महत्त्व पाणी किती चढते-उतरते याला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी जास्तीत जास्त चढते आणि तितकेच खाली उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास फरक कमी असतो, तो भांग. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होते, मालवणकडे जवळजवळ त्याच्या निम्मे. तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी हलायचे तर ते जास्त वेगाने हलणार. आता सहलीचे वेळापत्रक आठवा: पौर्णिमेला भरती पूर्ण होते सव्वाअकरा-बाराला, आणि बारापासून साडेपाचपर्यंत पाणी समुद्राकडे ओढत राहते. जेवून लोक पाण्यात उतरतात ती नेमकी हीच वेळ. अशा दिवशी पाण्यात खेळायचे ते सकाळी, पाणी चढत असताना.

पाणी चढत असतानाचा धोका वेगळा आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. आत फिरण्यात वेळ गेला की परतीच्या वाटेवर पाणी भरते. कातळावर फोटो काढत बसलेल्यांचे असेच होते. मागची सखल वाळू आधी बुडते आणि पुढचा कातळ कोरडाच दिसत राहतो. जाण्याआधी पूर्ण ओहोटीची वेळ पाहा आणि त्या वेळेलाच परत फिरा. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी उतरवू नका, हेही याच कारणासाठी. ओल्या वाळूत चाक रुतते आणि भरती गाडी निघण्याची वाट पाहत नाही.

खाडीच्या तोंडाशी, म्हणजे जिथे नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीचे सगळे पाणी अरुंद जागेतून बाहेर पडते. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा पाहण्यासारखी आहे, पोहण्यासारखी नाही. कोणत्याही खाडीच्या मुखाबद्दल हेच लागू.

जिथे लाट फुटत नाही तिथे उतरू नका

समुद्रात बुडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे किनाऱ्यापासून आत जाणारा पाण्याचा पट्टा. त्याला रिप करंट म्हणतात, किनाऱ्यावरची माणसे नुसते ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणतात. तो कसा तयार होतो हे एकदा कळले की डोळ्यांना दिसू लागतो.

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचे लांब उंचवटे असतात. लाटा त्यांच्यावर आपटून फुटतात आणि पाणी उंचवट्याच्या अलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला लोटत राहतात. हे साचलेले पाणी परत तर जायला हवे. पावसाळ्यात वावरात पाणी तुंबले की ते सगळ्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाहत नाही, जिथे धुरा खचला असेल त्या एका जागेतून जोरात निघते आणि ती जागा आणखी खोल कापते. इथे तेच घडते. उंचवट्यात जिथे खिंड असते तिथून पाणी समुद्राकडे धावते. ही खिंड खोल असल्याने तिच्यावर लाट फुटत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे शांत, गडद पाण्याची वाट दिसते. नवख्या माणसाला तीच जागा पोरांना घेऊन उतरायला बरी वाटते. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आणखी खुणा: फेस, काडीकचरा किंवा गढूळ वाळूचे पाणी किनाऱ्यापासून आत जाताना दिसते, एका पट्ट्यावर पाण्याचा पृष्ठभाग बारीक खळबळलेला असतो, लाटांची ओळ एका ठिकाणी तुटलेली असते. कातळ, धक्का किंवा बंधारा समुद्रात शिरतो त्याच्या कडेला असा प्रवाह बहुतेक कायम असतो. ओहोटीला पाणी उथळ झाले की उंचवट्यांवर लाटा जास्त फुटतात आणि खिंडीतला जोर वाढतो. म्हणून उतरण्याआधी थोड्या उंचीवरून, दहा-पंधरा मिनिटे, नुसते पाहत राहा. लाटा गटागटाने येतात. चार-पाच मिनिटे छोट्या आणि मग सलग काही मोठ्या. ज्याने फक्त दोन मिनिटे पाहिले त्याने छोट्याच पाहिलेल्या असतात.

या प्रवाहाचा वेग साधारणपणे सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण जोर धरला की सेकंदाला दोन मीटरच्या वर गेल्याचीही नोंद आहे. तो वेग ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्यालाही फार काळ कापता येत नाही. प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, फक्त दूर नेतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारत राहिल्याने. दोन-तीन मिनिटांत दम संपतो, आणि किनारा मात्र लांबच जात असतो.

सापडलातच तर आधी पाठीवर व्हा आणि तरंगा. श्वास जागेवर येऊ द्या. एक हात वर करून हलवा, ओरडा. लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे प्रवाहाचा जोर संपतो. बऱ्याचदा पाणी गोल फिरून तुम्हाला पुन्हा उथळाकडेही आणते. अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे पोहा. हा पट्टा बहुधा दहा ते तीस मीटर रुंद असतो, म्हणजे लांबचे अंतर नाही. एका बाजूला जोर लागत असेल तर दुसरी बाजू धरा. पांढरा फेस दिसतो तिथे पोचलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात. दमला असाल तर पोहू नका, तरंगत राहा आणि हात दाखवत राहा.

कुठे, किती आणि कुणासोबत

पुळण सपाट आणि लांबवर उथळ असेल तर लाट दूर फुटते आणि तिचा जोर वाटेत जिरतो. पुळण उतरती असेल तर लाट पायाशीच येऊन आदळते, परत जाताना पायाखालची वाळू नेते, आणि दोन पावलांत गुडघ्याचे पाणी छातीला लागते. एक घनमीटर समुद्राचे पाणी हजार किलोहून जड असते. गुडघाभर पाण्याचा लोंढा मोठ्या माणसाला पाडू शकतो, लहान मुलाला तर सहज. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

जिथे जीवरक्षक आहे तिथेच उतरा. अर्धे लाल-अर्धे पिवळे दोन झेंडे लावलेले असतील तर पोहण्याची जागा त्या दोघांच्या मधे. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचे नाही. झेंडे नसतील, जीवरक्षकही नसेल, तर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना किंवा टपरीवाल्यांना विचारा: ‘दादा, इथे ओढ कुठे आहे? लोक कुठे उतरतात?’ इतकी खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही. गणपतीपुळ्याला देवदर्शन करून तसेच समोरच्या पाण्यात उतरायची पद्धत पडली आहे. पाटी लावलेली असते, ती वाचून मगच पाऊल टाकावे.

२०१६ च्या १ फेब्रुवारीला रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले आठ जण गेले. मुरूडची ती तिथी पौष वद्य अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांगाची; महिना पावसाळ्याचा नव्हता, वादळही नव्हते. तिथी पाहणे आवश्यक आहे, पण नुसती तिथी बरी आहे म्हणून निर्धास्त होता येत नाही.

जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या सहली नेणाऱ्या गुरुजींनी आणि मॅडमनी काही गोष्टी निघण्याआधीच ठरवाव्यात. मुलांच्या जोड्या लावा. जोडीदार दिसला नाही की लगेच ओरडायचे, एवढेच त्यांचे काम. एका वेळी दहा-बाराच मुले पाण्यात, बाकी वाळूवर. दोन मोठी माणसे मुलांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला उभी राहतील. मुलांनी त्यांच्या पुढे जायचे नाही. एक जण कोरड्या वाळूवर फक्त पाहण्यासाठी, हातात मोबाइल नाही. दर दहा मिनिटांनी शिटी, सगळे बाहेर, मोजणी. मुले गुडघ्यापर्यंतच. लाटा माणसाला नकळत बाजूला सरकवतात, म्हणून वाळूत दोन काठ्या रोवून त्यांच्या मधेच राहायला सांगा.

कपड्यांकडे फार दुर्लक्ष होते. साडीचे पाच मीटरहून जास्त कापड भिजले की पायांना गुंडाळते आणि पाय हलवताच येत नाहीत. ओढणी लाटेत गळ्याभोवती फिरते. जीन्स पाणी धरते. गुडघ्यापर्यंतची अंगाला बसणारी पँट आणि टी-शर्ट सोबत ठेवा; बायाबापड्यांना ते नको वाटत असेल तर त्यांनी घोट्यापर्यंतच्या पाण्यात, एकमेकींचा हात धरून उभे राहावे. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यात जाऊ देऊ नका. तो रागावला तरी चालेल.

लाइफ जॅकेट आणि बोटी

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातली अकरा माणसे गेली. २०२४ च्या जानेवारीत मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया वैनगंगेत बुडाल्या. आपल्या नद्यांवर डोंग्यात बसताना जॅकेट घालायची सवय नाही, आणि तीच सवय आपण समुद्रावर घेऊन जातो. बोटीवर जॅकेट ‘मागितले तर देतात’ असे असेल तर मागा. नाही म्हणाले तर बसू नका, पैसे गेले तरी.

माणसाचे डोके पाण्यावर ठेवायला चार-पाच किलोची उचल पुरते. जॅकेटवर ही उचल न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलो, आणि तेवढे जॅकेट फक्त पोहता येणाऱ्याला चालते. पोहता न येणाऱ्याने १०० किंवा त्याहून जास्तीचे मागावे. आतला फोम दाबून पाहा. चपटा, तुकडे झालेला किंवा पाणी प्यायलेला असेल तर ते जॅकेट बदलून घ्या. सगळे बक्कल लावा, पट्टे ओढून घ्या. मग दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे, पाण्यात डोक्यातून निघून जाईल. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच.

कोकणात जलक्रीडा पावसाळ्यात, मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतात. त्या काळात कुणी ‘करून देतो’ म्हणाला तर तो माणूस नियमही मोडतो आहे आणि तुमचा जीवही पणाला लावतो आहे. बाकी महिन्यांत सकाळची वेळ चांगली. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात. मोकळ्या समुद्रावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले की वारा ताशी वीस किलोमीटरच्या आसपास पोचलेला असतो. तेव्हा पॅरासेलिंग, म्हणजे बोटीने ओढलेल्या पॅराशूटला लटकून उडणे, नको. पॅरासेलिंगला बसण्याआधी दोर उसवलेला नाही ना, कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा घट्ट आहे ना, खाली बोटीत चालकाशिवाय दुसरा माणूस तुमच्याकडे पाहायला आहे ना, एवढे बघा.

बनाना राइडमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या लांब फुग्यावरच्या फेरीत, शेवटी सगळ्यांना मुद्दाम पाण्यात पाडतात. हे अनेकांना पाडल्यावरच कळते. पोहता न येणाऱ्याने आधी सांगावे, ‘भाऊ, पाडू नका,’ आणि चालकाने हो म्हटले तरच बसावे. पडताना पुढच्याचे डोके किंवा कोपर लागते, म्हणून हात सोडून बाजूला पडायचे, पुढच्याला मिठी मारायची नाही. चष्मा, अंगठ्या, मंगळसूत्र खोलीवरच ठेवा.

जेट स्की म्हणजे पाण्यावर चालणारी स्कूटर. बहुतेकींना ब्रेक नसतो. आणि बहुतेक जेट स्की गॅस सोडला की वळतही नाहीत, कारण मागून जोरात फेकलेल्या पाण्यानेच त्या वळतात. समोर काही आले की नवखा माणूस घाबरून गॅस सोडतो आणि सरळ जाऊन आदळतो. मागे जाणता चालक बसलेला असेल तरच चालवा. एक दोरी मनगटाला अडकवायची असते, पडलात की ती सुटून इंजिन बंद पडते. ती लावल्याशिवाय निघू नका.

स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्यासाठी, लोक तारकर्ली-मालवणला जातात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. नवख्याला प्रशिक्षक हाताला धरूनच पाण्याखाली नेतो, पोहता येणे सक्तीचे नसते. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली कानाची: दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, आणि कानाला तो पहिल्या मीटरपासूनच जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंका, कान मोकळे होतात. दर मीटरभराने हे करा, दुखायची वाट पाहू नका. सर्दी असेल तर कान मोकळे होत नाहीत आणि पडदा फाटू शकतो. त्या दिवशी जाऊ नका. दुसरी गोष्ट श्वासाची: वर येताना श्वास कधीही रोखू नका. दहा मीटरवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. तोंड बंद असेल तर ती फुप्फुस फाडते. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे ‘वर चला’. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. दम्याचा, हृदयाचा, फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी स्कूबा करू नये. कागदावर हे प्रश्न विचारतात तेव्हा खरे उत्तर द्या. आणि त्याच दिवशी गोव्याहून नागपूरचे विमान ठेवू नका, मधे १८ तास जाऊ द्या.

उकाडा आणि डंख

चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांत वाढलेल्या माणसाला कोकणचे ३३ अंश काहीच वाटत नाहीत. पण आपल्याकडचे ऊन कोरडे. घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होते. किनाऱ्यावर हवेत इतकी वाफ असते की घाम अंगावरून नुसता ओघळतो, वाळत नाही. वाऱ्यामुळे उन्हाचा चटका जाणवत नाही आणि पाणी प्यायचे सुचत नाही. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे ही पहिली लक्षणे. तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी प्या, त्यातले काही मीठ-साखरेचे. डोक्यावर दुपट्टा ओला करून बांधा. पायात गोळा पाण्यातही येऊ शकतो, आणि तिथे तो जीवघेणा ठरू शकतो.

जेलीफिश डसला तर चोळू नका, वाळू लावू नका, गोडे पाणी ओतू नका. या तिन्हींनी कातडीवर चिकटलेल्या न फुटलेल्या डंखपेशी फुटतात. लघवी लावण्याचा सल्ला चुकीचा आहे. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून काढा, मग सोसवेल इतक्या गरम, ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात तो भाग वीस ते चाळीस मिनिटे ठेवा. वाळूत लपलेल्या पाकट माशाच्या शेपटीचा काटा लागला तरी उपाय गरम पाण्याचाच, आणि त्यानंतर दवाखाना, कारण काट्याचा तुकडा आत राहतो. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चालले की पाकट आधीच निघून जातो. श्वास लागणे, ओठ सुजणे, छातीत दुखणे यांपैकी काहीही दिसले तर गरम पाण्यात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना.

कुणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होते, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर हाक कशी मारणार? शरीर उभे, डोके मागे, हात बाजूंना पाण्यावर दाबल्यासारखे, पाय मारताना दिसत नाहीत. लांबून खेळल्यासारखे वाटते. वीस सेकंदांपासून मिनिटभरात तो खाली जातो. ‘बरा आहेस का?’ असे ओरडून विचारा. उत्तर आले नाही तर तो बुडतो आहे.

मागोमाग उडी टाकू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या डोक्यावर चढतो आणि एकाचे दोन होतात. जीवरक्षकाला हाक मारा आणि तरंगणारे काहीतरी फेका. आपल्याकडे पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, तोच इथे कामी येतो: झाकण घट्ट लावलेली पाच लिटरची रिकामी कॅन जवळजवळ पाच किलोची उचल देते, म्हणजे एका माणसाचे डोके वर ठेवायला पुरेशी. तिला पंधरा-वीस मीटर नायलॉनची दोरी बांधून गाडीतून सोबत न्या आणि कुणी पाण्यात असेपर्यंत ती वाळूवर हाताशी ठेवा. कॅनमध्ये पेलाभर पाणी राहू दिले तर ती वाऱ्याने न भरकटता लांब जाते.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोटावर दाबून पाणी काढणे हे सगळे बंद करा. पोटातले पाणी निघून काही फायदा होत नाही. ते वर येऊन श्वासनळीत जाते आणि मौल्यवान मिनिटे वाया जातात. त्याला हवा पाहिजे. पाठीवर कठीण वाळूत झोपवा, डोके मागे करा, हनुवटी उचला, दहा सेकंदांच्या आत श्वास चालू आहे का पाहा. नसेल तर नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या, प्रत्येक श्वासाला छाती उचललेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून तीस वेळा दाबा, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. लहान मुलाला एकाच हाताने, छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. तोंडातून फेस येत राहतो, तो पुसण्यात वेळ घालवू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुढे चालू ठेवा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याने घ्या.

त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. ११२ हाही चालतो. माणूस अजून समुद्रात असेल किंवा बोट अडकली असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. पुळणीचे नाव आणि जवळची खूण, म्हणजे देऊळ, जेटी किंवा हॉटेल, सांगा.

शुद्धीवर आला, उठून बसला, ‘मी बरा आहे’ म्हणाला, तरीही दवाखान्यात न्या. थोडे पाणी फुप्फुसात गेलेले असले तर काही तासांनी श्वास बिघडू शकतो: खोकला थांबत नाही, धाप लागते, गुंगी येते. तो त्रास परतीच्या रात्रीच्या प्रवासात, दोन गावांच्या मधे सुरू झाला तर जवळ दवाखाना नसतो. त्या रात्री गाडी काढू नका, किनाऱ्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टर सोडेपर्यंत मुक्काम करा.